खाटेतला ढेकूण, तळ्यातला ढेकूण

२ जुलै २००६, रविवार. अवसरी बुद्रुक

मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणात साहेबांनी बजावलं होतं, तळ्याची रोजची नोंद ठेवा. पाण्याचा रंग, खोली, किती खाद्य टाकलं, किती मासे मेले. म्हणून ही वही आणली. तळ्यात अजून एक मासा नाही आणि लिहायला बसलो तो आधी रागच वर आला.

आज स्टँडवर गोरखच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. गोरख माझा चुलतभाऊ. पाच-सात माणसांसमोर म्हणाला, "सयाजीराव, आपला आजा माळकरी. पंगतीत कांद्याचा वास आला तरी उठायचा. आन् नातू आता मासं पाळणार!" सगळे हसले. मी अर्धा चहा टाकून उठलो.

मी मासे खायला पाळत नाही. जिऱ्याएवढी पिल्लं आणायची, दोन-अडीच महिन्यांत बोटाएवढी करायची आणि धरणात, तलावात मासे सोडणाऱ्यांना द्यायची. त्या बोटाएवढ्या पिल्लाला बोटुकली म्हणतात. हे शिकावं लागतं. आठ दिवसांचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडं. कांदा करायचा आणि मंचरला आडत्याच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं, हे बापानं केलं, मी बावीस वर्षं केलं. आता नाही. हसणाऱ्यांनी हसावं.

बायको, मंगल, म्हणते, तळ्याचं काय ते तळ्यावर ठेवा, वास घरात आणायचा नाही. घरातूनच ही तऱ्हा.

५ जुलै

तळ्यावर राहायला गडी मिळाला. बहिरू नाव. पश्चिमेकडचा, धरणाच्या फुगवट्याला लागून ज्यांची गावं आहेत त्यांतला. माशांचं त्यांना कळतं म्हणतात. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. सोबत एक घोंगडी आणि एक पिशवी, बाकी काही नाही.

आल्या आल्या खोपटात पिशवी ठेवली आणि तळ्याच्या काठानं चक्कर मारली. मग म्हणाला, "भाऊ, पिल्लं सोडायच्या आधी दोन-तीन येळा पाण्यातनं फडकं वढू. यात ढेकूण झालंत."

मला हसू आलं. "पाण्यात कुठं ढेकूण असतो का रे?"

"असतो ना. पाण्यातला ढेकूण. बोटायेवढा व्हतो. माशाला धरतो आन् आतनं पिऊन टाकतो."

"बोटाएवढा ढेकूण! मग तुमच्याकडं उंदराएवढ्या मुंग्या असतील."

तो हसला नाही. "आमच्या भाताच्या खाचरात बी असतो," एवढंच म्हणाला.

प्रमाणपत्र माझ्याकडं आणि शिकवणार हा. फडकं ओढायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. पाणी गढूळ होतं.

७ जुलै

पहाटे गाडी आली. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कटला, रोहू, मृगळ. पन्नास हजार जीव. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग हळूच तोंड सोडलं. धुरासारखी पिल्लं बाहेर पसरली. माझे डोळे भरून आले, हे कुणाला सांगणार नाही. मुलगी अक्षदा मंचरला कॉलेजला जाते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ती मुद्दाम थांबली होती. बहिरूला बराच वेळ काहीबाही विचारत बसली होती. गड्याशी इतकं बोलायची गरज नाही, हे तिला एकदा सांगायला हवं.

१३ जुलै

बारीक जाळं ओढून पाहिलं. पिल्लं चपळ. पाणी हिरवट, साहेबांनी सांगितलं होतं तसं. बहिरू खाद्य वेळेवर टाकतो. तक्रार नाही.

१६ जुलै

तक्रार आहे.

सकाळी काठाला पांढरं काहीतरी लागलं होतं. हातात घेतलं तर पिल्लांची कातडी. नुसती कातडी, आत काही नाही. वर डोळा, खाली शेपटी आणि मधे रिकामी पिशवी. मोजली, तीसएक निघाली. रोग पडला म्हणावं तर मेलेला मासा फुगतो, पोट वर करतो. हा कसला रोग?

बहिरू म्हणाला, "सांगितलं व्हतं भाऊ. ढेकूण."

मला इतका संताप आला! प्रत्येक गोष्टीला याच्याकडं एकच उत्तर.

१७ जुलै

गोरखला सांगितलं. हसतो मेला, पण डोकं चालतं त्याचं. म्हणाला, "ह्यात रोग न्हाई न् बिग न्हाई. जित्ती पिल्लं काढून न्यायची न् मेलेली काठाला टाकायची, म्हंजी मालकाला वाटावं मर पडली. तुझा गडी कुठला? धरणाकडचा. तिकडं बोटुकली कुणाला पायजे? त्यांनाच. आता तूच बेरीज कर."

मला बेरीज पटली. कातडी आतून रिकामी कशी, हे मी गोरखला विचारलं. तो म्हणाला, वाळवून ठेवत असतील. आधीची असतील.

१८ जुलै

वायरमनकडून तळ्याच्या काठावर उंच बांबूला हॅलोजन बसवून घेतला. आता रात्रभर तळं दिवसासारखं दिसेल. कोण येतं, कोण काय नेतं, सगळं उजेडात.

बहिरूनं वर बघितलं. "भाऊ, दिवा नका लावू. दिव्याला ते येत्यात."

"कोण येतात?"

"ढेकूण."

चोराला उजेड नको असतो हे मला माहीत होतं. इतक्या उघडपणे सांगेल असं वाटलं नव्हतं.

२० जुलै

काठाला कातडी शंभराच्या वर. म्हणजे दिवा लावूनही हिंमत कमी नाही. मी आता स्वतः खोपटात झोपतो. घराच्या माळ्यावरची खाट गोरखच्या टेम्पोतून आणली. दिवा लागला की किडे मात्र फार येतात. काल अंधार पडता पडता पाखराएवढं काहीतरी येऊन खोपटाच्या पत्र्यावर धाडकन आदळलं आणि घसरून पाण्यात पडलं. वटवाघूळ असेल.

२२ जुलै

दोन रात्री झोप नाही. मानेला, दंडाला, कमरेला चट्टे. सकाळी खाटेच्या सांध्यात बोट घातलं तर तीन ढेकूण. खरे ढेकूण, मसुरीच्या डाळीएवढे, चिरडल्यावर वास येणारे. माझ्या घरात ढेकूण नाहीत. मग खोपटात कुठून आले? कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली बहिरूची घोंगडी दिसली.

"ह्या घोंगडीत आहेत."

"न्हाई भाऊ. मी खाली झोपतो, मला कुठं चावलंय?"

"तुम्हा लोकांना सवय असेल."

मी घोंगडी काठीनं उचलून बांधावर नेली आणि पेटवून दिली. लोकर जळताना घाण वास येतो. बहिरू लांब उभा राहून बघत होता. जळून गेल्यावर खाद्याची बादली घेऊन तळ्यावर गेला. जरा तरी अपराधी वाटायला हवं होतं त्याला. चेहऱ्यावर काहीच नाही. अशी माणसं आतून फार घट्ट असतात.

आणि याच माणसाला ढेकूण काय ते विचारायचं! त्याच्या अंथरुणातला ढेकूण केवढा आणि तो पाण्यात सांगतो तो केवढा. एक डाळीएवढा, एक बोटाएवढा. खोटं बोलायला तरी काही माप असावं.

२५ जुलै

परवा आणि काल लोडशेडिंग. दोन्ही रात्री हॅलोजन बंद. काठाला एका सकाळी नऊ कातडी, दुसऱ्या सकाळी बारा.

यावर मी पुष्कळ विचार केला. अंधारात चोरी वाढायला हवी. कमी का झाली? कारण अंधार असताना मी जास्त सावध असणार हे त्याला माहीत आहे. उजेड असला की मालक निर्धास्त झोपतो. किती बेरकी माणूस! गोरखला सांगितलं तर त्यानं टाळीच दिली.

आज लाइट आली. जाळं ओढलं. पहिल्यासारखी पिल्लं लागत नाहीत, निम्मी तरी गेली. खाटेतले ढेकूण चावतातच आहेत. घोंगडी जाळूनही.

२८ जुलै, शुक्रवार

आज सोक्षमोक्ष लागला.

परवा नागपंचमी, म्हणून बहिरूनं दोन दिवस घरी जायला सुट्टी मागितली होती. सकाळी निघाला. पिशवी नेहमीपेक्षा जड वाटली. मी मोटारसायकलवर मागोमाग गेलो. स्टँडवर मंचरची गाडी लागलेली, माणसं चढत होती, बाजूला गोरखच्या हॉटेलात गर्दी. मी त्याला हाक मारली. "पिशवी दाखव."

"काय झालं भाऊ?"

"दाखव म्हणतो ना."

"एक डबा हाय. अक्षदाताईला..."

माझ्या मुलीचं नाव त्यानं स्टँडवर घेतलं आणि माझं डोकं फिरलं. पिशवी ओढून रस्त्यावर उलटी केली. सदरा, धोतर, बायकोसाठी घेतलेल्या बांगड्यांचं पुडकं आणि एक झाकणाचा डबा. आत पाणी हलत होतं. "हे बघा!" मी ओरडलो. "पाण्यासकट नेतोय." झाकण उघडून डबा ओतला.

पिल्लं नव्हती. तीन मोठे तपकिरी किडे होते, वाळक्या पानांसारखे. रस्त्यावर पाय झाडू लागले. मी वाकून बघितलं. मग गोरख पुढं आला आणि चपलेनं तिन्ही चिरडले. "पिल्लं आधीच पोचवली आसंल," तो म्हणाला. "ह्यो डबा दाखवायचा." लोक हसले.

बहिरू खाली बसून बांगड्यांचे तुकडे गोळा करत होता. "भाऊ, हेच ते ढेकूण," तो मान वर न करता म्हणाला. "दाखवायलाच धरले व्हते."

"परत तळ्यावर पाय ठेवू नकोस, चोरा," मी म्हणालो.

गाडीतले लोक खिडक्यांतून बघत होते. गाडी गेली. गोरखनं चहा पाजला. मी अर्धाच प्यालो, उन्हामुळं असेल. पण मी योग्य तेच केलं. किडे कशाला कुणी डब्यातून नेईल?

२९ जुलै

अक्षदा कालपासून माझ्याशी बोलत नव्हती. आज सकाळी बोलली, ते बोलली नसती तर बरं.

"पप्पा, ते किडे मी मागितले होते. आमच्या मॅडमना दाखवायला. बहिरूकाकांना मी सांगितलं होतं, सापडला तर कॉलेजात आणून द्या. मंचरलाच गाडी बदलतात ते."

"बहिरूकाका?"

"मग काय म्हणू? तुमच्याहून मोठे आहेत."

म्हणजे मुलगी परस्पर गड्याशी ठरवणार आणि बापाला पत्ता नाही. मी तेवढंच बोललो. चिडलोच होतो. पण संध्याकाळपर्यंत ते तीन किडे डोळ्यांसमोरून जाईनात.

३१ जुलै

बहिरू जाऊन तीन दिवस झाले. तळ्यावर मी एकटा. खाद्य मी टाकतो, कुलूप माझं, दिवा रात्रभर चालू.

आज काठाला कातडी दोनशे चाळीस.

मी दोनदा मोजली.

१ ऑगस्ट

अक्षदा कॉलेजातून भिंग घेऊन थेट तळ्यावर आली. आल्या आल्या माझ्यासमोर हात पुढं केला. "तुमच्या खाटेतला एक ढेकूण द्या."

काडेपेटीत घालून दिला. मग दिवस बुडाला, हॅलोजन लागला आणि ती दिव्याखाली पाण्यात फडकं धरून बसली. पंधरा मिनिटं गेली नसतील, वरून काहीतरी भिरभिरत आलं, बांबूला आपटलं आणि पाण्यात पडलं. त्या रात्री ज्याला मी वटवाघूळ म्हणालो होतो, तेच. तिनं फडक्यात अलगद उचललं आणि स्टीलच्या डब्यात टाकलं. माझ्या मधल्या बोटाएवढा होता.

आम्ही खोपटात बसलो. तिनं वहीचा कोरा कागद पसरला. एका टोकाला ढेकूण, दुसऱ्या टोकाला हा. मला अजूनही हसावंसं वाटत होतं. हत्ती आणि मुंगी एकाच पंगतीत.

"डोळा लावा," ती म्हणाली. "आधी छोट्याचं तोंड बघा. दात आहेत का?"

"नाहीत. सुईसारखं काहीतरी आहे."

"सोंड. काम नसलं की छातीखाली दुमडून ठेवतो. आता मोठ्याचं बघा. हात लावू नका, डसला तर दोन दिवस ठणकेल."

मी बघितलं. तसंच. तशीच सोंड, तशीच दुमडलेली. फक्त ही दाभणाएवढी.

"दोघं एकाच कुळीतले, पप्पा. अंग बघा, दोघंही चपटे. एकाला खाटेच्या फटीत शिरायचंय, एकाला पाल्याखाली दडायचंय. बहिरूकाकांनी पाण्यातला ढेकूण म्हटलं ते उगाच नाही. आमच्या पुस्तकातही तेच आहे, फक्त इंग्रजीत आहे म्हणून तुम्हाला खरं वाटलं असतं."

हे बोलणं मला लागलं. मी म्हणालो, "एकच आहेत तर फरक काय मग? ढेकूण मला चावतो, मी कुठं मरतो?"

"हाच फरक. खाटेतला मारत नाही. त्याला तुमच्यावरच जगायचंय, तुम्ही मेलात तर तो खाणार काय? थोडं पितो आणि फटीत जातो. महिनोन् महिने उपाशीही राहतो. हा तसा नाही. याचे पुढचे पाय बघा, पकडीसारखे. धरलं की सोडत नाही. मग सोंड घालून लाळ सोडतो. आतलं मांस पातळ होतं आणि तो ते ओढून घेतो. राहतं ते..."

"कातडं," मी म्हणालो.

तिनं काडीनं मोठ्याची पाठ दाखवली. मग म्हणाली, "आणि पंख. ढेकणाला पंख नाहीत. माणसानं नेल्याशिवाय तो एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. याला आहेत. दिवा दिसला की लांबून येतो."

बाहेर हॅलोजनखाली पाण्यावर अजून एक आदळला. मी उठून खटका बंद केला.

२ ऑगस्ट

हे प्रशिक्षणात का नाही सांगितलं? इतका संताप झाला की ट्रंकेतून प्रशिक्षणाची फाइल काढली. सहाव्या दिवसाच्या पानावर वर लिहिलंय, "तळ्यातले शत्रू कीटक", आणि खाली पान कोरं. त्या दिवशी भाच्याचा साखरपुडा आपल्याच घरी होता. मला राहणं भाग होतं. प्रमाणपत्र देताना साहेबांनी हजेरी बघायला हवी होती की नको?

मंगलपाशी हेच बोललो. ती भाकरी थापत होती. खाटेतले ढेकूण अजून जात नाहीत, हेही सांगितलं.

"कुठली खाट?"

"माळ्यावरची."

तिचा हात थांबला. "अहो, ती खाट तर ढेकणांसाठीच माळ्यावर टाकली व्हती. साखरपुड्याला पावणं झोपलं तिच्यावर, तवापासून भरलीय. उन्हात टाकायची ऱ्हायली. तुमी नेली कवा?"

"मग सांगायचं नाही का?"

"इचारलं का मला? आन् ढेकूण कुणाचं म्हून काय केलं तुमी?"

मी घोंगडीचं सांगितलं. घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. ती तव्याकडं बघत राहिली. भाकरी करपली. मी वाढून घेतलं नाही, तिनंही वाढलं नाही.

४ ऑगस्ट

तीन दिवस दिवा बंद. रोज सकाळी मंगलचं जुनं लुगडं तळ्यातून ओढतो, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला अक्षदा. पहिल्या दिवशी एकवीस निघाले. काही तर धरलेलं पिल्लू न सोडता फडक्यात आले. आज चार. काठाला कातडी सहा. बहिरूनं पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं.

आणखी लिहायला बसलो होतो, पण नको.

६ ऑगस्ट, रविवार

घोडेगाववरून पुढं फुगवट्याच्या कडेनं मोटारसायकल नेली. मंचरहून नवी घोंगडी घेतली होती. बांगड्याही घेतल्या. वाटभर तोंडात वाक्य घोळवत होतो: "झालं गेलं विसर, बहिरू, ये परत कामावर." मोठ्या मनानं म्हणायचं असं ठरवलं होतं.

घर सापडलं, बहिरू नव्हता. त्याची बायको, बायडाबाई, भाताच्या खाचरात वाकून गवत काढत होती. मी बांधावर उभा राहून नाव सांगितलं. ती सरळ झाली नाही.

"वळाखलं," म्हणाली. "काय राहिलं आता उलटं करायचं?"

मी म्हणालो, चूक झाली. किडे होते, ढेकूण माझ्याच खाटेत होते. नवी घोंगडी आणलीय.

"घोंगडी जाळली ती जाळली. माझ्या बापानं दिल्याली व्हती, पर ती जाऊ द्या. पिशवी कुठं उलटी केली तुमी? स्टँडावर. त्या गाडीत आमच्या वाडीची चार मान्सं व्हती. ह्यांच्या आधी ती घरी आली, सांगतच आली. आता फुगवट्यात जाळं टाकायला ह्यांच्या जोडीला कोन येत न्हाई. एकट्यानं जाळं टाकता येतं का? तीस वर्सं जे जोडीला व्हते ते म्हंत्यात, आमाला आज काम हाय, उद्या काम हाय."

बोलता बोलता तिनं पाण्यातून काहीतरी उचललं आणि बांधावर माझ्या पायाशी फेकलं. पाण्यातला ढेकूण. छोटा, पाठीवर अंड्यांचा थर. "हे बी आमीच चोरलं आसंल तुमच्या तळ्यातनं," ती म्हणाली.

मला राग यायला हवा होता. मी कामाला ठेवलेल्या माणसाच्या बायकोनं माझ्यापुढं किडा फेकला. राग आलाही. पण तो कुणावर काढायचा ते सापडेना.

"काय करू मी?" मी विचारलं.

"जिथं ओरडला तिथं सांगा. मान्सं असताना. आमी येऊ ऐकायला." मग प्रथमच तिनं पाठ सरळ केली. "आन् ती घोंगडी घेऊन जावा. लाच नगं."

९ ऑगस्ट

गोरख म्हणतो, वेडा झालास का. गड्याची माफी स्टँडवर? उद्या कुणी गडी आपल्याला भिणार नाही. "सांगायचं तर घरी बोलवून सांग, च्या पाज, इषय मिटला." मला त्याचं पटतं. दोन दिवस पटतंय. पण सकाळी लुगडं ओढायला गेलं, एक ढेकूण निघाला की पटेनासं होतं.

१२ ऑगस्ट, शनिवार

शेवटी मी निरोप धाडला होता, त्याप्रमाणे आज सकाळी अकराला ते दोघं मंचरच्या गाडीतून उतरले. बहिरूनं धुतलेली टोपी घातली होती. बायडाबाईच्या हातात बांगड्या नव्हत्या. हॉटेलात पंधरा-वीस माणसं, गाडीची वाट बघणारी तेवढीच. अक्षदा कॉलेज बुडवून येऊन उभी राहिली होती. मी नको म्हणालो होतो.

मी दोन पेले पाणी प्यालो. वीस जणांपुढं ओरडताना त्या दिवशी पाणी लागलं नव्हतं.

"ऐका," मी म्हणालो. कुणी वळून बघितलं नाही. पुन्हा म्हणालो. "अठ्ठावीस तारखेला मी इथं माझ्या गड्याला चोर म्हणालो. त्यानं चोरी केलेली नाही. पिल्लं पाण्यातल्या ढेकणानं खाल्ली. मीच दिवा लावला, त्यानं ती कीड वाढली. गड्यानं मला आधी सांगितलं होतं..."

"ढेकणानं मासं खाल्लं!" गोरखनं हॉटेलातून आवाज टाकला आणि सगळं हॉटेल हसलं. "राव, खाटंतला का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आरं, केस-बिस करीन म्हणाला आसंल तो. त्याबिगर का सयाजी माफी मागतोय!"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दोन आठवडे भिंग, फडकं, कातडी, सगळं डोळ्यांनी बघून मी खरं सांगतोय आणि हे हसतात! मी ओरडून सांगू लागलो की त्याला सोंड असते, तो लाळ सोडतो, माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे, विचारा तिला. जेवढं सांगावं तेवढे ते हसत. गोरखनं तर हाताची सोंड करून दाखवली.

"पुरं," बायडाबाई म्हणाली. मोठ्यानं नाही, पण ऐकू गेलं. "किड्याचं न्हाई इचारलं आमी. 'गडी, गडी' काय म्हंताय मघापासनं? चोर कोन न्हाई, त्येचं नाव घ्या."

"बहिरू," मी म्हणालो.

"पुरतं."

मला पुरतं नाव माहीत नव्हतं. चोवीस दिवस तो माझ्या तळ्यावर राहिला, माझ्या खोपटात झोपला, आणि मी त्याला बापाचं नाव, आडनाव कधी विचारलं नव्हतं. सगळे पुढं सरकले होते. आता हसण्यासारखं काही तरी पुढं येणार म्हणून वाट बघत होते.

मी त्याच्याकडं वळलो. "तुमचं पुरतं नाव काय?"

"बहिरू भिका केंगले," तो म्हणाला.

मी स्टँडकडं तोंड केलं आणि म्हणालो, "बहिरू भिका केंगले यांनी माझी चोरी केलेली नाही. मी खोटं बोललो." एकदा म्हणालो. मग अक्षदाकडं बघितलं आणि पुन्हा एकदा म्हणालो, कारण पहिल्यांदा एक ट्रक हॉर्न वाजवत गेला होता.

या वेळी हसले ते दोघं-तिघंच.

केंगल्यांनी मान हलवली. मी त्यांना जरा बाजूला घेऊन विचारलं, परत याल का? तळ्यात निम्मी पिल्लं अजून आहेत, मला एकट्याला जमत नाही.

"भाऊ, आमच्या वाडीचा एक जण त्या पानटपरीपाशी हुबा हाय," ते म्हणाले. "त्येनं ऐकलंय. आता तो घरी जाऊन काय सांगतोय ते बघू. उद्या कोन जोडीला आलं तर मी तिकडंच जाळं टाकीन." मग म्हणाले, "फडकं पहाटंच वढा. ऊन चढल्यावर ते खाली बसत्यात."

उलटी गाडी आली. ती दोघं चढली. पानटपरीपाशी उभा असलेला माणूसही चढला. तो आधी पुढं बसला होता. गाडी सुटताना मी काचेतून बघितलं, तो उठून मागं आला होता आणि केंगल्यांच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसत होता.